बंद व्हायचे विसरलेले सोल्डरिंग आयर्न

सोल्डरच्या तारेत भरलेली राळ वितळल्यावर येणारा वास आणि ती राळ करपल्यावर येणारा वास यांतला फरक ज्याने काही वर्षे सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून तारा जोडण्याचे काम, केले आहे, त्याला सांगावा लागत नाही. पहिल्या वासाबरोबर पांढरा, विरळ धूर येतो आणि तो देवळातल्या धुपाची आठवण करून देतो. दुसरा उग्र असतो, घशाला लागतो आणि त्याच्या मागोमाग बिटावर, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकावर, काळी खरपुडी धरते. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओची दुरुस्ती करताना मला हा दुसरा वास येऊ लागला. सोल्डरची तार बिटाला लावली की सोल्डर पसरण्याऐवजी गोळी होऊन खाली घरंगळू लागले. मी बिट ओल्या स्पंजवर पुसले, पुन्हा कथील चढवून पाहिले, आणि तसेच पुढचे काम करत राहिलो, ही माझी चूक झाली. तपकिरी हायलमच्या (राळेत दाबून कडक केलेल्या कागदी थरांच्या) त्या सर्किटच्या पाटीवरची तांब्याची एक पट्टी दोन सेकंदांत सुटून वर आली. ती पट्टी पन्नास वर्षे जागेवर होती आणि माझ्या हातून ती उचलली गेली, याचे मला फार वाईट वाटले. रेडिओ बाजूला ठेवून मी आधी आयर्नकडे वळलो.

हे आयर्न मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी विकत घेतले होते. धातूच्या जड पेटीत २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पेटीवर एक साधा स्विच आणि एक लाल दिवा, आणि मऊ रबरी वायरीने जोडलेला हलका, पेनासारखा हातात बसणारा दांडा, एवढाच त्याचा पसारा आहे. त्यावर तापमान ठरवणारे बटण नाही, आकडे दाखवणारा पडदा नाही आणि आत एकही ट्रान्झिस्टर नाही. तापमान ठरते ते बिटावरून. या पद्धतीच्या प्रत्येक बिटाच्या मागच्या टोकावर एक आकडा कोरलेला असतो: ६ म्हणजे ६०० अंश फॅरेनहाइट, अर्थात सुमारे ३१५ अंश सेल्सिअस, ७ म्हणजे सुमारे ३७०, ८ म्हणजे सुमारे ४२५. तापमान बदलायचे असेल तर बिट बदलायचे, इतका सरळ हिशेब आहे, आणि मला हा हिशेब फार आवडतो.

बिट स्वतःचे तापमान कसे ठरवते, हे नीट समजल्याशिवाय पुढचा शोध समजणार नाही, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. लोखंड, निकेल यांसारखे धातू लोहचुंबकाकडे ओढले जातात. परंतु प्रत्येकाचे एक ठरावीक तापमान असते आणि त्याच्या वर गेल्यावर तो धातू चुंबकाला दाद देत नाही. पिअर क्युरी यांनी १८९५ साली पॅरिसमध्ये सादर केलेला डॉक्टरेटचा प्रबंध निरनिराळ्या तापमानांना पदार्थांचे चुंबकीय गुण कसे बदलतात याच विषयावर होता, आणि या तापमानाला त्यांचेच नाव मिळाले आहे. निकेलचा क्युरी बिंदू सुमारे ३५८ अंश सेल्सिअस, तर शुद्ध लोखंडाचा ७७०. योग्य मिश्रधातू केला की हवा तो क्युरी बिंदू साधता येतो. आमच्या बिटाच्या मागच्या बाजूस अशा मिश्रधातूची एक छोटी चकती बसवलेली असते. तिच्यासमोर, हीटरच्या मधून जाणाऱ्या पोकळ नळीत, एका बारीक दांडीच्या टोकाला लोहचुंबक असतो आणि दांडीचे दुसरे टोक मुठीतल्या स्विचला जोडलेले असते. बिट थंड असताना चुंबक चकतीकडे झेपावतो, दांडी पुढे सरकते, स्विच लागतो आणि हीटर तापू लागतो. चकती आपल्या क्युरी बिंदूला पोहोचली की तिची ओढ संपते, स्प्रिंग दांडीला मागे खेचते आणि स्विच तुटतो. बिट थोडे निवले की पुन्हा तेच. हातात धरलेल्या मुठीत दर काही सेकंदांनी ‘टक्’ असा बारीक आवाज जाणवतो, तो याचाच.

त्या दिवशी तो ‘टक्’ आवाज थांबला होता आणि माझ्या ते लक्षातच आले नव्हते. रेडिओतल्या लाउडस्पीकरच्या खरखरीकडे कान लावून बसलो होतो, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही.

आयर्न नेमके किती तापते आहे याचा पहिला अंदाज मी कोणतेही उपकरण न वापरता घेतला. खोलीतला दिवा मालवून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबून मी आयर्न चालू केले. काही मिनिटांनी स्टेनलेसच्या नळीच्या छिद्रांतून आणि पाठोपाठ बिटाच्या मुळाशी गडद तांबूस उजेड दिसू लागला. कोणताही घन पदार्थ सुमारे ५२५ अंश सेल्सिअसच्या आसपास अंधारात प्रथम लालसर दिसू लागतो. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ साली हे दाखवून दिले होते आणि त्या तापमानाला ड्रेपर बिंदू म्हणतात. म्हणजे ३७० अंशांवर थांबायला हवे असलेले आयर्न किमान दीडशे अंश पुढे गेले होते. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंशांवर वितळते. त्याच्या तीनशेहून अधिक अंश वर काम करण्यास काहीच कारण नाही; तिथे राळ करपते, कथील जळून काळे पडते आणि पाटीवरचा चिकटवलेला तांब्याचा पापुद्रा सुटतो.

माझा पहिला संशय वीजपुरवठ्यावर गेला, कारण आमच्या भागात रात्री उशिरा व्होल्टेज बरेच चढते. मीटर लावला. भिंतीतल्या सॉकेटवर २३६ व्होल्ट होते. ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या बाजूस भार नसताना २६.८ आणि आयर्न जोडल्यावर २४.३. यात काहीही वावगे नव्हते. खरे तर या प्रकारच्या आयर्नमध्ये व्होल्टेज थोडे वाढले तरी अंतिम तापमान वाढत नाही, फक्त तिथवर पोहोचण्याचा वेळ कमी होतो, कारण थांबण्याचा निर्णय चकती घेते. हे आधी सुचले असते तर ती मोजणी करण्याची गरजच पडली नसती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ओळखीतल्या एका काकांना फोन केला. त्यांनी चाळीस वर्षे प्रयोगशाळांतली उपकरणे दुरुस्त केली आहेत. मी सगळे सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी मधेच थांबवून विचारले, “बिट काढून मोजलंस का?”

“नाही काका. बिट काढून काय मोजायचं?”

“वायर ट्रान्सफॉर्मरपासून सोडव, बिट बाहेर काढ, आणि दोन्ही टोकांत मीटर लाव. समोर लोखंड नाही म्हटल्यावर चुंबकानं मागंच राहायला हवं. तरी मीटरनं हीटर दाखवला, तर स्विच धरलाय. नाही दाखवला, तर तुझं बिट खोटं बोलतंय.”

इतकी नेमकी तपासणी मी क्वचितच ऐकली आहे. बिट काढले, मीटरने परिपथ तुटलेला दाखवला. बिट बसवले, ‘टक्’ झाले आणि मीटरवर १२ ओहम आले. चोवीस व्होल्टवर सुमारे ५० वॅटच्या हीटरचा रोध तेवढाच यायला हवा, म्हणजे हीटरही धडधाकट होता. बिट पुन्हा काढले. परिपथ पुन्हा तुटला. याचा अर्थ स्विच मोकळा होता आणि दोष बिटात होता.

तोवर मी बिटाचे मागचे टोक कधी भिंगाखाली पाहिलेच नव्हते. पाहिले आणि सगळा उलगडा झाल्यासारखे वाटले. चकतीच्या जागी जे काही होते त्यावर आकडा नव्हता. कडा हाताने घासलेल्या होत्या आणि मध्यभागी कानशीचे आडवे ओरखडे स्पष्ट दिसत होते. कोणीतरी मूळ चकती गमावल्यावर त्या भोकात साध्या लोखंडी खिळ्याचा तुकडा ठोकून बसवला होता. थंड असताना चुंबक त्याच्याकडे आनंदाने झेपावणारच, आणि ७७० अंश येईपर्यंत तो त्याला सोडणार नाही. इतके तापमान त्या हीटरला गाठताच येत नाही, त्यामुळे स्विच कायम लागलेलाच राहतो.

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीवर एक प्रयोग केला. एका निकामी मीटरमधला जुना अल्निको चुंबक तांब्याच्या तारेने लाकडी काठीला बांधला. आजकाल सर्वत्र मिळणारे निओडिमियमचे चुंबक इथे चालत नाहीत, कारण त्यांतले साधे प्रकार ८० अंशांच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतात. संशयित बिट पकडीत धरून ज्योतीत तापवले आणि चुंबक क्षणभर टेकवून पाहिला. बिट मंद लाल झाले तरी चुंबक त्याला चिकटत होता. मग डब्यातले, टोक झिजल्याने बाजूला ठेवलेले ७ आकड्याचे एक खरे बिट तसेच तापवले. काही वेळ चुंबक ओढला जात होता, आणि एका क्षणी, बिट लाल होण्याच्या बरेच आधी, ती ओढ नाहीशी झाली. ज्योतीतून बाहेर काढून निवू दिले, तेव्हा चुंबक पुन्हा चिकटला. हे मी आठ-दहा वेळा करून पाहिले. पुस्तकात वाचलेली गोष्ट स्वतःच्या हाताला जाणवते तेव्हा होणारा आनंद मला दडवावासा वाटत नाही.

मूळ चकती का गेली असावी, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. आपल्याकडे भांड्यांना डाग देणाऱ्या कारागिरांची तांब्याची डागणी आणि तिला नवसागरावर घासून कथील चढवण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि त्या कामासाठी ती योग्यच आहे. तीच सवय इलेक्ट्रॉनिक्सच्या बाकावर आली. टोक काळे पडले की कानस घ्यायची आणि तांबे चमकेपर्यंत घासायचे. या बिटांच्या तांब्यावर मात्र लोहाचा पातळ मुलामा दिलेला असतो, कारण वितळलेले कथील उघड्या तांब्याला हळूहळू विरघळवून खाते. मुलामा एकदा कानशीने निघाला की बिटाला आठवडाभरात खड्डा पडतो. नवसागर तर इथे वर्ज्यच, कारण त्याच्या उरलेल्या अंशाने बारीक तारा महिन्याभरात हिरव्या पडतात. माझ्या आधीच्या कोणत्या तरी मालकाने असे बिट घासून संपवले असावे, नवे मिळाले नसावे, आणि मग कोणी जोडकाम करून दिले असावे. हाताशी असलेल्या वस्तूंतून काम चालवण्याच्या त्याच्या जिद्दीचा मला आदर आहे. फक्त त्याला त्या चकतीचे काम माहीत नव्हते.

पुण्यातल्या पासोड्या विठोबा मंदिराच्या आसपासच्या दुकानांत दोन संध्याकाळी चौकशी केल्यावर एका दुकानदाराने माळ्यावरच्या खोक्यातून ७ आकड्याची दोन कोरी बिटे काढून दिली. घरी येऊन एक बसवले. ‘टक्’ वाजले, चाळीसएक सेकंदांनी पुन्हा ‘टक्’ वाजले, सोल्डर चांदीसारखे पसरले. मी समाधानाने एक तास काम केले. आणि मग पुन्हा तोच उग्र वास आला.

इथे मी थोडा खचलो, हे मान्य करतो. काकांची तपासणी चुकीची नव्हती, मी ती अर्धीच केली होती: आयर्न थंड असताना. या वेळी वास येताच वायर काढली, पकडीने तापलेले बिट ओढून काढले आणि लगेच मीटर लावला. बिट नसतानाही १२ ओहम. मुठीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारली, तसा आत बारीक आवाज झाला आणि परिपथ तुटला. स्विच थंड असताना मोकळा होता आणि गरम झाल्यावर चिकटत होता. एका वस्तूत दोन दोष असू शकतात हे तोंडाने आपण सगळेच म्हणतो, पण पहिला दोष सापडल्यावर शोध थांबवण्याचा मोह फार मोठा असतो, आणि माझ्या बाबतीत पहिला दोष इतका देखणा होता की दुसऱ्याचा विचारही मनात आला नाही.

मूठ उघडली. हीटरचे स्क्रू सोडवून दांडीसकट स्विच बाहेर काढला. दांडीवर मधाच्या रंगाचा, कडक झालेला राळेचा थर होता. नखाने टोकरला की पापुद्रे निघत होते. स्विचचे झाकण पातळ पात्याने अलगद उचलले तेव्हा आतले दोन कॉन्टॅक्ट दिसले. एकावर मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक उंचवटा तयार झाला होता आणि दुसऱ्यावर नेमका त्याच आकाराचा खड्डा. भोवती काजळीचे करडे कडे. दर तोडीला दोन अँपिअरचा प्रवाह थांबताना बारीक ठिणगी उडते, धातूचा सूक्ष्म अंश एकीकडून दुसरीकडे जातो आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले की उंचवटा खड्ड्यात अडकू लागतो.

पण याला एक आणखी कारण आहे आणि माझ्या मते तेच खरे मूळ आहे. चुंबकाची ओढ अंतर वाढताच झपाट्याने कमी होते. त्यामुळे चांगल्या स्थितीतला चुंबक एकदा सुटला की धाडकन मागे जातो, कॉन्टॅक्ट क्षणात दूर होतात आणि ठिणगीला टिकायला वेळच मिळत नाही. दांडीवर राळेचा थर असेल तर ती गरम झाल्यावर मऊ झालेल्या राळेतून चिकटत-चिकटत सरकते. कॉन्टॅक्ट सावकाश उघडतात, ठिणगी रेंगाळते आणि धातू वितळून जुळतो. खिळ्याच्या बिटाने जे तापमान गाठले होते त्याने राळेच्या वाफा नळीत आणखी आत शिरल्या असणार, हा माझा तर्क आहे. तसे असेल तर दुसरा दोष पहिल्याच्याच पोटी जन्माला आला होता.

दुरुस्ती स्वतः साधी होती. दांडी आणि नळीची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसली, आणि पापुद्रे निघेनासे होईपर्यंत हे चार वेळा केले. तिथे तेल अजिबात घालू नये. ते काही दिवसांत करपून राळेपेक्षा वाईट चिकटते. कॉन्टॅक्टवरचा उंचवटा बारीक सपाट कानशीने काढला, मग दोन हजार नंबरच्या पॉलिश कागदाची अरुंद पट्टी दोन कॉन्टॅक्टांमध्ये धरून ओढली आणि शेवटी अल्कोहोलने ओला केलेला साधा कागद तसाच ओढून काजळी काढली. खड्डा पूर्ण घालवण्याच्या मागे लागलो नाही, कारण कॉन्टॅक्टवरचा चांगला धातू पातळ असतो. दांडी उभी धरली की स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने विनाअडथळा मागे जाते का, हे बोटाने दाबून वीसएक वेळा पाहिले. स्विचऐवजी ट्रायॅक (हीटरचा प्रवाह स्वतःवर घेणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवून त्या कॉन्टॅक्टांवरून अगदी थोडा प्रवाह जाऊ देण्याचा मार्गही आहे आणि त्याने स्विचचे आयुष्य खूप वाढेल. पण मला हे आयर्न आहे तसे हवे होते.

सगळे जोडल्यावर बिटापासून प्लगच्या अर्थ पिनेपर्यंतचा रोध मोजला, तो ०.६ ओहम आला. ही मोजणी कोणीही चुकवू नये, कारण जुन्या उपकरणात अर्थची जोडणी गंजून तुटलेली असण्याची शक्यता मोठी असते. मग तापमान मोजणाऱ्या के प्रकारच्या थर्मोकपलचा मणी बिटावरच्या वितळलेल्या सोल्डरच्या थेंबात बुडवून अर्धा तास आकडे लिहिले. तापमान ३५६ ते ३८४ यांच्यात वरखाली होत राहिले आणि एकदाही त्याबाहेर गेले नाही.

ज्यांच्याकडे साधे, थेट सॉकेटला लागणारे २५ वॅटचे आयर्न आहे, त्यांनी यातले स्विचचे पुराण आपल्याला लागू करू नये. त्यात थांबण्याची यंत्रणाच नसते. अभ्रकावर गुंडाळलेली नायक्रोमची तार जेवढी उष्णता देते आणि बिट जेवढी हवेत सोडते, त्या दोन्हींच्या समतोलावर तापमान ठरते. तिथे व्होल्टेज खरोखरच महत्त्वाचे आहे: २२० व्होल्टला २५ वॅट घेणारे आयर्न २५० व्होल्टला सुमारे ३२ वॅट घेते. त्याचा रोध १९३६ ओहमच्या जवळ असायला हवा. मीटरने १५०० च्या आसपास दाखवले, तर तार पुन्हा भरताना कोणीतरी वेढे कमी घातले आहेत किंवा काही वेढे आपसात चिकटले आहेत, असे समजावे. असे आयर्न २३० व्होल्टला ३५ वॅट ओढते आणि तापून लाल होते. यावर मालिकेत १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने शक्ती निम्मी होते, म्हणून तो आयर्न स्टँडवर ठेवलेले असताना उपयोगी आहे, काम करताना ते बहुधा थंड पडते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्यापेक्षा बरा. फार जुन्या आयर्नमध्ये अभ्रकाऐवजी पांढरट, तंतुमय पुठ्ठा दिसला, तर तो अॅस्बेस्टॉस असू शकतो. तो खरवडू नये, झटकू नये, ओला करून पिशवीत बंद करावा आणि ते आयर्न वापरातून काढावे.

आयर्न बरे झाल्यावर मी त्या रेडिओकडे परत गेलो. उचलली गेलेली पट्टी जपून कापून टाकली, ट्रान्झिस्टरच्या पायापासून पुढच्या कपॅसिटरपर्यंत कथील चढवलेली बारीक तार टाकली आणि दोन्ही टोके सोल्डर केली. प्रत्येक जोडाला दीड-दोन सेकंद लागले. पांढरा धूर वर गेला, आणि तार टेकवून ठेवलेली असतानाच मुठीत ‘टक्’ जाणवले. खिळ्याचे ते बिट मी फेकलेले नाही; त्याला लाल दोरा बांधून वेगळ्या डबीत ठेवले आहे, आणि डबीवर लिहिले आहे की हे आयर्नमध्ये बसवू नये.